फोटो पाहून नव्हे, वाचून घ्या

कापूस वेचायला जाताना आपण साडीवर घरातला जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतो. तो फाटला की आता पोरी मोबाईलवर नवा शोधून देतात. आर्वीच्या बाजारात कापड हातानं चोळून पाहता येतं. मोबाईलवर फक्त फोटो दिसतो, आणि चारशेचा शर्ट वाया गेला म्हणजे आपली एक-दोन दिवसांची मजुरी गेली. म्हणून काय वाचायचं, ते आज आम्ही सांगतो.

आधी कापड. ‘कॉटन’ आणि ‘कॉटन ब्लेंड’ यांत फरक आहे. ब्लेंड म्हणजे सुतात दुसरा धागा मिसळलेला. उन्हात सुती कापड घाम टिपतं. ‘जीएसएम’ हा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा, तर कापड जाड.

मग माप. एल, एक्सएल हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. घरातला अंगाला नीट बसणारा शर्ट सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपनं मोजा आणि दुप्पट करा. ही छाती. साडीवरून घालायचा असेल तर तीन-चार इंच सैल घ्या, सुती कापड धुतल्यावर आटतंही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. साधा शर्ट फवारणीसाठी पुरत नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन अनेक शेतकरी, शेतमजूर दगावले. फवारणीला औषध आत न झिरपणारा अंगरखा, हातमोजे, चष्मा आणि मास्क वेगळे हवेत.

गटाच्या वह्या न्यायला चामड्याची बॅग हवी असते. ‘पीयू’ किंवा ‘फॉक्स लेदर’ लिहिलं असेल तर ते चामडं नव्हे. कापडावर चढवलेला तो प्लास्टिकचा थर असतो आणि काही दिवसांनी त्याचे पापुद्रे निघतात. तीनशे रुपयांत ‘अस्सल चामडं’ म्हणत असतील तर शंका घ्या. त्या पैशात जाड कॅनव्हासची बॅग जास्त टिकते. पट्ट्याची शिवण आणि चेन दाखवणारे गिऱ्हाइकांचे फोटो पाहा, एक-दोन तारेवाले अभिप्राय आधी वाचा.

विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि माल परत घेण्याची मुदत पाहूनच ऑर्डर द्या. अनोळखी ठिकाणी पैसे माल आल्यावरच द्या. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

माल खराब किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला, तर विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं लिहिलं आहे. ऐकत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन करा. पैसे परत करतो म्हणून कुणी पिन किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. पैसे मिळवायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० लावा.

गटाच्या पुढच्या बैठकीत टेप घेऊन या, सगळ्यांची मापं वहीत लिहून ठेवू.