नेटवर्कमध्ये कॉम्प्युटर दिसत नाही? एसएमबी-१ चालू करू नका

घरात दोन कॉम्प्युटर आहेत. एकावर मुलांचे फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, वडिलांच्या पेन्शनच्या फायली; दुसऱ्यावरून त्या उघडायच्या आहेत. पेन ड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरण्यापेक्षा फोल्डर शेअर करावा, हा विचार अगदी योग्य. फोल्डर शेअर केला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ‘नेटवर्क’ उघडलं, तर तिथे पहिल्या कॉम्प्युटरचं नावच नाही. इथून पुढे मिळणारा सल्ला ठरलेला असतो. दुरुस्तीला येणारा तोच देतो, व्हिडिओ पाहून शिकलेला भाचा तोच देतो, ऑफिसातला ‘कॉम्प्युटरमधला’ माणूसही तोच देतो: विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १.०वर (म्हणजे एसएमबी-१, नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची जुनी पद्धत) टिक करा, फायरवॉल बंद करा, ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करा आणि ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल द्या.

एवढं केलं की बऱ्याचदा फोल्डर उघडतो, आणि म्हणूनच हा सल्ला मरत नाही. पण चार गोष्टी एकदम बदलल्यावर अडचण नेमकी कशाने सुटली, हे कुणालाच कळत नाही. फोल्डर उघडायला त्या चारपैकी एकही करावी लागत नाही आणि चारही धोक्याच्या आहेत. हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे की आता सविस्तर लिहून टाकणंच बरं.

मुळातला गोंधळ असा की कॉम्प्युटर यादीत दिसणं आणि त्यावरचा फोल्डर उघडणं ही एकच गोष्ट आहे, असं लोक धरून चालतात. ती दोन वेगळी कामं आहेत आणि विंडोजमध्ये ती वेगवेगळ्या यंत्रणा करतात. सोसायटीच्या जिन्याखालच्या फलकावर एखाद्याचं नाव लिहायचं राहिलं, म्हणून तिसऱ्या मजल्यावरचं त्याचं घर नाहीसं होत नाही. घर क्रमांक माहीत असेल तर सरळ वर जाऊन बेल वाजवता येते. ‘नेटवर्क’ची खिडकी हा तसा फलक आहे. तो भरायचं काम पूर्वी ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ नावाची सेवा करायची आणि ती एसएमबी-१वर अवलंबून होती. एसएमबी-१ गेलं, तसा तो जुना फलकही गेला. त्याच्या जागी ‘डब्ल्यूएस-डिस्कव्हरी’ ही पद्धत आली आणि तिच्यासाठी ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’ आणि ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ या दोन सेवा चालू असाव्या लागतात. यादीत नावं हवीच असतील तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन या दोन्ही आपोआप सुरू होतील अशा करा. हा तोडगा कुण्या हौशी माणसाने काढलेला नाही, एसएमबी-१ काढल्यानंतर काय करायचं ते सांगताना मायक्रोसॉफ्टने स्वतःच तो दिला आहे.

आणि यादी नसली तरी चालतं. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्या कॉम्प्युटरचं नाव लिहा, मग एक उलटी रेघ आणि फोल्डरचं नाव: \\कॉम्प्युटरचं-नाव\फोटो. हे नाव ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’खालच्या ‘अबाउट’मध्ये सापडतं. नावाने नाही उघडलं तर नावाच्या जागी त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता घाला, उदाहरणार्थ \\१९२.१६८.१.५\फोटो (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अंक). फोल्डर उघडला, किंवा निदान नाव-पासवर्ड विचारणारी चौकट आली, तरी समजा की शेअरिंग पहिल्यापासून चालू होतं. बिघाड फक्त यादीत होता. त्यासाठी सुरक्षेचं काहीही बंद करायची गरज नव्हती.

आता एसएमबी-१चा एवढा बाऊ का, ते पाहू. नेटवर्कवरून फायली वाचण्या-लिहिण्याची ही पद्धत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाम यांनी मांडली. तेव्हा ऑफिसातली यंत्रं एकमेकांवर विश्वास ठेवत, इंटरनेट घराघरांत नव्हतं. पुढे व्हिस्टाबरोबर एसएमबी-२ आलं, २०१२मध्ये विंडोज ८बरोबर एसएमबी-३. तरी पहिली आवृत्ती जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी कॉम्प्युटरमध्ये पडून राहिली. मायक्रोसॉफ्टमध्ये याच पद्धतीची जबाबदारी सांभाळणारे नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६मध्ये एक लेख लिहून, एसएमबी-१ वापरणं थांबवा, असं साध्या शब्दांत सांगितलं होतं. ज्यांनी ही वस्तू सांभाळली तेच ती टाकून द्या म्हणत होते.

फार कमी लोकांनी ऐकलं. एसएमबी-१च्या सर्व्हरमधला एक दोष अमेरिकेच्या ‘एनएसए’ या गुप्तहेर संस्थेला ठाऊक होता आणि त्यावर तिने ‘इटर्नल ब्लू’ नावाचं हत्यार बनवलं होतं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती १४ मार्च २०१७ला आली, पुढच्याच महिन्यात ते हत्यार जगजाहीर झालं आणि १२ मेला ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर किड्याने धुमाकूळ घातला. कुणी काही क्लिक न करताही हा किडा ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत होता. युरोपोलच्या अंदाजानुसार सुमारे १५० देशांतली दोन लाखांहून जास्त यंत्रं त्याच्या तावडीत सापडली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६पैकी किमान ८१ ट्रस्टना त्याची झळ बसली, असं तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने नोंदवलं आहे. दुरुस्ती उपलब्ध होऊन तेव्हा दोन महिने होत आले होते.

लगेच पुढच्या महिन्यात, २७ जूनला ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा किडा आला आणि तो आपल्या दारापर्यंत पोचला. मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा कोसळल्या आणि न्हावाशेवाला जेएनपीटी बंदरात तिच्या समूहाकडून चालवलं जाणारं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरचे ट्रक रस्त्यावर खोळंबले. नॉटपेट्याने तोच एसएमबी-१चा दोष वापरला, शिवाय एका यंत्रातून चोरलेले पासवर्ड घेऊन तो दुरुस्ती केलेल्या यंत्रांतही घुसला. नेटवर्कवरचं एक दुबळं यंत्र बाकीच्यांना कसं बुडवतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘आता अपडेट झालंय ना, मग काय बिघडलं?’ तो एक दोष बुजला, हे बरोबर. पण एसएमबी-१मध्ये मजकूर सांकेतिक करून पाठवायची सोयच नाही. ती एसएमबी-३मध्ये आली. मध्येच बसून कुणी संभाषणात फेरफार केला तर ते ओळखायची नव्या आवृत्त्यांतली तजवीजही तिथे नाही. २०१७अखेरच्या विंडोज १०पासून मायक्रोसॉफ्ट एसएमबी-१ टप्प्याटप्प्याने काढत गेली. लिनक्सवरच्या ‘सांबा’नेही २०१९च्या ४.११ आवृत्तीत ते मुळातच बंद ठेवलं. ज्यांनी हे सांभाळलं आणि ज्यांनी त्याच्याशी जुळणारं बनवलं, ते दोघे जे हेतुपुरस्सर बंद करतात ते आपण टिक मारून पुन्हा चालू करायचं, याला काय म्हणावं?

दुसरं उत्तर असतं, ‘आमच्या घरात कोण हॅकर येतोय?’ राउटरमुळे बाहेरचा कुणी थेट आत येत नाही, हे खरं. पण किडा आतूनच सुरू होतो: कुणीतरी उघडलेल्या बनावट बिलाच्या फायलीतून, पाहुण्याच्या लॅपटॉपमधून, कधीच अपडेट न झालेल्या स्वस्त कॅमेऱ्यातून. शिवाय लॅपटॉप घरात थोडाच बसून राहतो? मुलगी तोच लॅपटॉप हॉस्टेलवर नेते, मुलगा स्टेशनवरच्या फुकट वाय-फायला जोडतो. बंद केलेली फायरवॉल तिथेही बंदच राहते. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ हा पर्याय तर विंडोजमध्ये ‘ऑल नेटवर्क्स’ या मथळ्याखाली येतो, म्हणजे एकदा बंद केला की सगळ्या नेटवर्कसाठी बंद. घरासाठी मोकळा केलेला फोल्डर हॉस्टेलच्या वाय-फायवर अनोळखी मुलांपुढेही मोकळाच असतो.

मग सरळ मार्ग कोणता? आधी घरच्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’वरून ‘प्रायव्हेट’ करा. विंडोज नव्या नेटवर्कला सहसा पब्लिक धरते आणि तिथे शेअरिंग अडवते. बहुतेक घरांत अडलेलं असतं ते इथेच. प्रायव्हेट केल्यावर ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. लागणारी वाट फायरवॉल स्वतःच प्रायव्हेट नेटवर्कपुरती उघडते आणि हॉस्टेलच्या पब्लिक नेटवर्कवर बंद ठेवते. ती अख्खी बंद करायचं कारण उरत नाही.

त्यानंतर पासवर्ड. इथेही लोक हमखास अडकतात. रोज कॉम्प्युटर उघडताना आपण चार आकडी पिन टाकतो. तो पिन त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पिन टाकून पाहतात, नाकारला जातो आणि मग ‘पासवर्डच नको’ या निर्णयावर येतात. खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तरी अडतंच, कारण रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज मुळात फक्त समोर बसून वापरू देते, नेटवर्कवरून नाही. उपाय पाच मिनिटांचा आहे. फोल्डर ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथे ‘अकाउंट्स’मधून एक साधं लोकल खातं उघडा, नाव ‘घर’ ठेवा, चांगला पासवर्ड द्या. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘शेअरिंग’मध्ये त्या खात्याला फक्त वाचायची किंवा वाचायची-लिहायची परवानगी द्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर चौकट आली की हेच नाव आणि पासवर्ड टाका, लक्षात ठेवायच्या पर्यायावर टिक करा. पुन्हा विचारणार नाही.

‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊनही कधी कधी ‘परवानगी नाही’ असं येतं आणि माणूस आणखी चिडतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन तपासण्यांतून जावं लागतं: एक शेअरची परवानगी, दुसरी डिस्कवरच्या फोल्डरची. दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’ फक्त पहिली बदलतं. साधं ‘शेअर’चं बटण वापरलं तर विंडोज दोन्ही जुळवून देते, म्हणून घरासाठी तेच वापरा.

पासवर्डशिवायची वाट तशीही बंद होत चालली आहे. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत प्रो वापरणाऱ्यांना प्रत्येक संदेशावर डिजिटल सही मुळातच सक्तीची आहे. ज्याची ओळखच नाही अशा पाहुण्याला सही करता येत नाही, म्हणून त्याला प्रवेश मिळत नाही. ‘अपडेटने शेअरिंग बिघडवलं’ ही तक्रार अनेकदा याचीच असते.

एसएमबी-१ खरोखर लागतं ते मोजक्या ठिकाणी: एक्सपी चालणारं यंत्र, दशकभरापूर्वीचं नेटवर्क स्टोरेज, स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारं जुनं झेरॉक्स मशीन. आधी त्याचं फर्मवेअर अपडेट करून पाहा, जमलं नाही तर स्कॅन पेन ड्राइव्हवर घ्या. एका जुन्या मशीनसाठी घरातल्या प्रत्येक लॅपटॉपवर एसएमबी-१ चालू करणं मला मान्य नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

शेअरिंगला इंटरनेट लागतं: नाही. राउटर चालू असला की पुरे; ब्रॉडबँड बंद असलं तरी फायली या खोलीतून त्या खोलीत जातात.

महागडा इंटरनेट प्लॅन घेतला की कॉपी वेगाने होते: प्लॅनचा इथे संबंध नाही. राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला ११-१२ एमबीच जातील आणि चार जीबीच्या व्हिडिओला सहा मिनिटं लागतील. गिगाबिट पोर्ट आणि चांगली केबल असेल तर तेच काम मिनिटाच्या आत.

होमग्रुप बनवावा लागतो: ती विंडोज ७च्या काळातली सोय. २०१८च्या विंडोज १० अपडेटमध्ये ती काढली गेली.

मॅकला वेगळं सॉफ्टवेअर लागतं: २०१३च्या मॅव्हरिक्सपासून मॅकसुद्धा मुळात एसएमबीच वापरतो.

एकाच घरातलं वाय-फाय म्हणजे एकच नेटवर्क: ‘गेस्ट’ वाय-फायवरची यंत्रं एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात. इंटरनेट कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा दुसरा राउटर लावला असेल तरी दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात आणि फोल्डर सापडत नाही. अशा वेळी दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून चालवा.

बाहेरगावाहून उघडायला राउटरवर ४४५ पोर्ट मोकळा करावा: कधीही करू नका, वॉनाक्राय याच पोर्टवरून फिरला होता. बाहेरून हवंच असेल तर राउटरवर व्हीपीएन लावा.

शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप: हा या यादीतला सर्वांत महाग पडणारा गैरसमज. नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. आणि खंडणी मागणारा किडा एका कॉम्प्युटरवर आला, तर तिथून लिहायची परवानगी असलेला प्रत्येक शेअर केलेला फोल्डरही तो कुलूपबंद करतो. म्हणून ज्याला फक्त फोटो पाहायचे आहेत त्याला वाचण्यापुरतीच परवानगी द्या, आणि बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन, काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा.