मराठी येण्याचे पाच पॉइंट्स

ऑस्ट्रेलियात कायमचं स्थायिक होऊ पाहणाऱ्या कुशल माणसाला तोलण्यासाठी तिथल्या सरकारचं एक कोष्टक आहे. त्यात पदवीला १५ पॉइंट्स आहेत आणि पीएचडीला २०. म्हणजे पदवीनंतरची कित्येक वर्षं प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात घालवल्याचे मिळतात जेमतेम पाच. (एम.टेक., एम.एस्सी. झालेल्यांच्या पदरात तर जादा काहीच नाही. पदव्युत्तर पदवीही त्या १५ मध्येच जमा.) त्याच कोष्टकात खाली आणखी एक ओळ आहे. इंग्रजी बोलणारा आणि तुमची भाषा बोलणारा अशा दोघांमध्ये दुभाषाचं काम करून दाखवा आणि पाच पॉइंट्स घ्या. या भाषांच्या यादीत मराठी आहे. अर्ध्या तासाच्या आत आटोपणारी परीक्षा आणि पीएचडीच्या जादा कष्टांइतकंच माप! हे कळल्यावर सगळं कोष्टक ओळीओळीने वाचून काढल्याशिवाय मला राहवलं नाही.

एक हिशेब मांडून पाहू. पुण्यातला ३१ वर्षांचा इंजिनिअर. वयाचे ३०, बी.ई.चे १५, मान्य झालेल्या पाच वर्षांच्या अनुभवाचे १०, आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत सात बँड असल्याचे १०. झाले ६५. पात्रतेची रेषा ६५ वरच आहे, म्हणजे गडी पास. पण पत्रिका जुळवताना ३६ पैकी १८ गुण जमले की बोलणी पुढे सरकतात, तसं इथे नाही. इथे ६५ चा अर्थ एवढाच, की तुमचं नाव ढिगात पडलं.

या ढिगाचं नाव स्किलसिलेक्ट. जुलै २०१२ मध्ये तो सुरू झाला. त्याआधी रीतसर अर्ज व्हायचा, आणि पास झालेल्यांची रांग वर्षानुवर्षं लांबत जायची. मग सरकारने रांगच मोडली. आता तुम्ही फक्त इच्छा कळवता. ‘ईओआय टाकला’ म्हणतात तो हाच. मधूनमधून सरकार ढिगातले सगळ्यात वरचे उचलतं आणि त्यांना निमंत्रण धाडतं. तुमचे ६५ चांगले की वाईट, हे शेजारच्याचे किती आहेत त्यावर ठरतं. संगणकवाल्यांना आणि लेखापालांना ९० च्या वर लागल्याचे दिवसही होऊन गेले आहेत. परीक्षा तीच, पेपर तोच, पण पास होण्याची रेषा दर वेळी इतरांच्या गुणपत्रिकांनी ओढायची. स्पर्धा परीक्षांच्या कटऑफवर वाढलेल्या आपल्या मुलांना यात काहीच नवं वाटत नाही म्हणा.

वयाची ओळ सगळ्यात निर्दय. २५ ते ३२ या वयाला ३० पॉइंट्स, ३३ पासून ३९ पर्यंत २५, चाळिशीत १५, आणि पंचेचाळिशी गाठली की दारच बंद. वय मोजायचं ते निमंत्रण येईल त्या दिवशीचं. त्यामुळे वयाची ३३ वर्षं पूर्ण झाली, की काल होते त्यातले पाच पॉइंट्स आज सकाळी गेलेले असतात.

आणि जोडीदाराची ओळ! नोव्हेंबर २०१९ पासून ती अशी: नवरा किंवा बायको स्वतः कुशल, वयात बसणारी आणि इंग्रजी येणारी असेल तर १०. नुसतं कामापुरतं इंग्रजी येत असेल तर ५. यातलं काहीच नसेल तर शून्य. आणि लग्नच झालेलं नसेल तर पुन्हा १०. आपल्याकडे ‘आधी दोनाचे चार होऊ देत, मग जा परदेशी’ म्हणणारी वडीलधारी मंडळी हे कोष्टक वाचतील तर हबकतील. यात तर्क नाही असं मात्र नाही. वर्षाला किती व्हिसे द्यायचे हे आधी ठरलेलं असतं, त्यात डोकी मोजली जातात आणि एकट्या माणसाला एकच जागा लागते. तर्क मान्य, संसाराकडे इतक्या कोरडेपणाने पाहणारा कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

मराठीच्या ओळीचं खरं नवल कळायला मात्र १९०१ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन देश झाला, आणि त्याच वर्षी त्याने स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. गोऱ्यांखेरीज कोणी नको, हे उघड लिहायची पंचाईत होती. ब्रिटिश साम्राज्याची सर्व प्रजा कागदोपत्री एकच. मग तोडगा निघाला श्रुतलेखनाचा. बंदरात उतरणाऱ्या माणसाला अधिकारी ५० शब्दांचा उतारा घालणार, त्याने तो लिहायचा. भाषा? युरोपातली कोणतीही. निवड अधिकाऱ्याची. समोरच्याला इंग्रजी येत असेल तर फ्रेंच, फ्रेंच येत असेल तर आणखी एखादी. १९०२-०३ मध्ये ८०५ जणांची ही परीक्षा झाली, पास झाले ४६. १९०४ ते १९०९ मध्ये ५५४ पैकी सहा. १९०९ नंतर एकही नाही. नापास करण्यासाठीच काढलेली परीक्षा शेवटी शंभर टक्के यशस्वी झाली.

तिचं हसं झालं ते १९३४ मध्ये. एगोन किश हा प्रागचा पत्रकार फॅसिझमविरुद्ध भाषणं द्यायला आला होता. सरकारने त्याला बोटीवरून उतरू दिलं नाही, तेव्हा त्याने मेलबर्नच्या धक्क्यावर सरळ उडी टाकली आणि पाय मोडून घेतला. पुढे सिडनीत त्याची श्रुतलेखनाची परीक्षा झाली. त्याला युरोपातल्या बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून उतारा घातला गेला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत. तो अर्थातच नापास झाला आणि शिक्षाही झाली. प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेलं, आणि कायद्याच्या अर्थाने गेलिक ही ‘युरोपीय भाषा’ नाहीच, असा निकाल देऊन न्यायमूर्तींनी त्याला सोडवलं. स्कॉटिश वंशाची मंडळी यावरही भडकली, ती वेगळी गंमत. ही चाचणी रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

माणूस गुणांवर घ्यायची कल्पना कॅनडाची. तिथेही आधी वंश पाहूनच दार उघडायचं. १९५१ मध्ये भारतासाठी ठरलेला कोटा वर्षाला १५० माणसांचा होता. १९६२ मध्ये एलन फेअरक्लॉ या मंत्रीणबाईंनी वंशाची अट बहुतांशी काढून टाकली, पण ‘योग्य माणूस’ कोण, हे ठरवणं अधिकाऱ्याच्या मर्जीवरच राहिलं. १ ऑक्टोबर १९६७ पासून १०० गुणांचं कोष्टक आलं. ५० ला पास. शाळा-कॉलेजच्या प्रत्येक वर्षाला एक गुण, जास्तीत जास्त २०. वयाचे १०, पस्तिशीनंतर दर वर्षाला एक वजा. आणि मर्जी घालवण्यासाठी केलेल्या या कोष्टकातही मुलाखत घेणाऱ्या साहेबाच्या मताला १५ गुण राखून ठेवलेले होते! १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाने हीच रीत उचलली.

आजचं कॅनडाचं कोष्टक १२०० गुणांचं आहे आणि त्यात भाषेचा खेळ आणखी अजब. अविवाहित उमेदवार, पदव्युत्तर पदवी, भारतातला तीन वर्षांचा अनुभव. आयईएल्टीएसमध्ये ऐकण्याला आठ, वाचण्या-बोलण्याला सात, पण लेखनात साडेसहा. हाच माणूस पुन्हा परीक्षेला बसला आणि लेखनात सात मिळाले, तर त्याचे एकदम ५८ गुण वाढतात. लेखनाचे स्वतःचे आठच. पण चारही कौशल्यं एका पातळीच्या वर गेली की पदवीचे २५ आणि अनुभवाचे २५ जादा सुटतात, कारण भाषा चांगली असेल तरच शिक्षण आणि अनुभव तिकडे कामी येतात, असं हे कोष्टक धरून चालतं. त्याने लेखनाच्या अर्ध्या बँडऐवजी पीएचडी केली असती, तर वाढले असते १५.

ऑस्ट्रेलियाकडे परत येऊ. कोष्टकातला कुठलाही आकडा तुम्ही म्हणाल तसा धरला जात नाही. संगणकवाल्यांचा अनुभव तिथली ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी तपासते, आणि पदवी कामाशी मिळतीजुळती असली तरी सुरुवातीची दोन वर्षं सहसा कापते. कुशल होण्यात गेली म्हणून. त्यांच्या लेखी तुमची पाच वर्षं तीन होतात आणि दहाचे पाच पॉइंट्स. पदवीला सरसकट मान्यता नसलेल्या इंजिनिअरांना स्वतःच्या कामाची तीन प्रकरणं लिहावी लागतात. ‘आमच्या टीमने पूल बांधला’ तिथे चालत नाही. त्या पुलात गणित कोणतं माझं, निर्णय कोणता माझा, हे सांगा म्हणतात. आपल्याकडच्या कितीतरी हुशार माणसांची पंचाईत होते ती इथे.

आता ती मराठीची परीक्षा. घेणाऱ्या संस्थेचं नाव नाटी, आणि लोक परीक्षेलाही नाटीच म्हणतात. साधारण तीनतीनशे शब्दांचे दोन संवाद ऐकवले जातात. एक जण इंग्रजीत बोलतो, दुसरा मराठीत, आणि मधले तुम्ही. पस्तिसेक शब्दांचा तुकडा झाला की थांबतात, तुम्ही तो दुसऱ्या भाषेत सांगायचा. कागदावर टिपणं घेता येतात. संवादामागे एकदा पुन्हा ऐकायची फुकट मुभा.

सोपं वाटतं. समजा, दवाखान्यातली बाई असं काहीसं म्हणते: ‘पंधरा दिवस झाले, गुडघ्यात कळ येते. आधी अंगावरच काढलं, पण लेक काही ऐकेना. शेकून पाहिलं, तरी जिना चढताना जीव जातो.’ हे इंग्रजीत सांगताना लेक गाळलीत तर गुण गेले. कळ ‘फार जोराची’ केलीत तरी गेले, कारण बाई तसं म्हणालेली नाही. अंगावर काढणं म्हणजे दुखण्याकडे दुर्लक्ष करून दिवस ढकलणं, हे त्या क्षणी सुचलं पाहिजे. आणि ‘जीव जातो’ शब्दशः सांगितलंत तर डॉक्टर ॲम्ब्युलन्स बोलावतील.

उलट बाजू शहरी मुलांना जास्त जड जाते. घरमालकाकडे ठेवायचा बाँड, कोर्टातली बेल, निवृत्तीसाठी पगारातून वळती होणारी रक्कम. ‘बाँड’ला ‘बाँड’च म्हणून सोडून द्यायचं, तर त्यात दुभाषाने केलं काय? अनामत, जामीन, हप्ता, मुदत हे शब्द ज्याच्या जिभेवर आहेत त्याची गाडी धावते. आठवत थांबला तर रेंगाळण्याचेही गुण कापतात. आयईएल्टीएसमध्ये आठ बँड मिळवणारी मुलं मराठीच्या वाक्यावर अडखळतात ती इथे. प्रत्येक संवाद ४५ गुणांचा. ९० पैकी ६३ हवेत, आणि प्रत्येकात किमान २९.

पाच पॉइंट्स मिळाले की ईओआयमध्ये भरायचे. अविवाहित असल्याचे १० धरून आपला इंजिनिअर ७५ वर होता, आता ८० वर आला. पण समान गुण असलेल्यांत आधी कोण, हे तो आकडा ज्या दिवशी गाठला त्या तारखेवर ठरतं. ८० च्या गटात त्याची तारीख आजची; दोन महिन्यांपूर्वी ८० झालेले सगळे त्याच्या पुढे.

तरीही निमंत्रण येईना, तर आणखी एक ओळ शिल्लक असते. एखाद्या राज्याने नाव सुचवलं आणि तुम्ही सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडून बाहेरच्या भागात राहायला कबूल झालात, तर १५ पॉइंट्स. व्हिसा पाच वर्षांचा. तीन वर्षं तिथे राहून, कमावून, कर भरून दाखवला की पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, मार्ग मोकळा. म्हणजे पीएचडीच्या जादा कष्टांच्या तिप्पट माप नुसत्या पत्त्याला. आणि हा ‘बाहेरचा भाग’ म्हणजे ओसाड माळरानच असेल असं नाही. अ‍ॅडलेड त्यात येतं, राजधानी कॅनबेरा येते, आणि वीस लाखांहून जास्त वस्तीचं पर्थसुद्धा.