विनाकारण वाजणारा गाडीचा सायरन

गाडीच्या अलार्मचे नियंत्रण बहुधा डॅशबोर्डखाली बसवलेल्या एका छोट्या पेटीकडे असते. दारे, डिकी आणि बॉनेट यांचे स्विच, धक्का ओळखणारा सेन्सर आणि काही गाड्यांत आतली हालचाल टिपणारा सेन्सर, यांच्या तारा त्या पेटीपर्यंत येतात. काही पेट्या बॅटरीच्या व्होल्टेजवरही नजर ठेवतात. गाडी लॉक झाल्यावर यांपैकी एकाने जरी बदल कळवला, तरी पेटी सायरन सुरू करते. तो बदल चोराने घडवला की गंजलेल्या स्विचने, हे तिला कळत नाही. म्हणजे रात्री दोन वाजता उगाच वाजलेल्या सायरनलाही कुठल्या तरी तारेवरून संकेत मिळालेला असतो. दुरुस्ती म्हणजे ती तार शोधणे.

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात असे संकेत देणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारहून कामाधंद्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची इथे मोठी वस्ती आहे. अनेकांच्या गाड्या गल्लीत, उघड्यावरच उभ्या राहतात. जवळून उधना-जळगाव रेल्वेमार्ग जातो, रस्त्यावरून कापडाचे ट्रक-टेम्पो धावतात आणि आसपासच्या भागांत यंत्रमाग चालतात. समुद्र फार लांब नसल्याने हवा बरीच दमट असते. जून ते सप्टेंबर पाऊस आणि काही भागांत खाडीचे चढणारे पाणी यांची त्यात भर पडते. कोरड्या खानदेशात वर्षानुवर्षे नीट चालणारा स्विच इथे लवकर गंजला तर त्यात आश्चर्य नाही.

हत्यार हातात घेण्याआधी काही दिवस सायरन वाजण्याची वेळ आणि त्या वेळची परिस्थिती लिहून ठेवावी. बहुतेकदा निम्मे निदान इथेच होते. गाडी उभी केल्यावर पाच-दहा मिनिटांत सायरन वाजत असेल, तर रेडिएटरच्या पंख्याकडे संशय जातो. इंजिन तापलेले असले की काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा सुरू होतो आणि व्होल्टेज क्षणभर खाली येते. व्होल्टेजमधली घट हीच चोरीची खूण मानणारा जुन्या पद्धतीचा अलार्म त्याने फसतो. मालगाडी किंवा अवजड ट्रक गेल्यावर वाजला, तर धक्क्याचा सेन्सर आधी पाहावा. पावसानंतर वाजत असेल तर बॉनेटचा किंवा दाराचा स्विच तपासावा. पहाटे वाजणाऱ्या सायरनमागे अनेकदा थकलेली बॅटरी असते, कारण रात्रभर थोडाथोडा प्रवाह खर्च होऊन व्होल्टेज त्या सुमारास सर्वांत कमी झालेले असते.

बऱ्याच यंत्रणा शेवटचा सायरन कोणत्या सेन्सरमुळे वाजला, हे स्वतःच सांगतात. लॉक उघडताना डॅशबोर्डवरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला म्हणजे कोणता सेन्सर, याचा तक्ता माहितीपुस्तिकेत असतो. कंपनीतून गाडीसोबत आलेल्या यंत्रणेचा आणि नंतर बाजारातून बसवलेल्या, उदाहरणार्थ नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या, यंत्रणेचा तक्ता वेगळा असतो. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल क्रमांकावरून ती मिळवावी. अंदाजाने तारा चाचपण्यापेक्षा तो वेळ कारणी लागतो.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी काही तास बंद ठेवून मल्टीमीटरने मोजल्यास पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी असते आणि १२ च्या खाली जवळपास संपलेली. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर क्लॅम्प काढून तो गरम पाण्याने व ब्रशने साफ करावा, पूर्ण वाळू द्यावा, घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तारही पाहावी. तिच्या बोल्टखाली गंज असला की व्होल्टेज हेलकावे खाते आणि पेटीला ते छेडछाडीसारखे वाटते.

बॅटरी चांगली असूनही सकाळी उतरलेली आढळली, तर बंद गाडीत प्रवाह कुठे जातो ते मोजावे लागते. मल्टीमीटर बॅटरीच्या तारेत मालिकेत जोडून वीस ते चाळीस मिनिटे थांबावे, कारण गाडीतले संगणक लगेच झोपत नाहीत. त्यानंतर आकडा साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. नंतर बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस तो २०० पर्यंत नेत असेल, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाभरात रिकामी होते. मीटर जोडलेला असताना गाडी चालू करू नये. त्यातला फ्यूज उडतो.

खोट्या सायरनचे सर्वांत नेहमीचे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे बॉनेटचा स्विच. इंजिनाची उष्णता, धूळ आणि पाणी या तिन्हींचा मारा तो सोसतो. त्याची दांडी गंजून अडकते, किंवा बॉनेटचा रबर दबल्याने ती पुरती दाबली जात नाही आणि पेटीला बॉनेट उघडे असल्याचे कळते. स्विच काढून साफ करावा, दांडी सहज वरखाली होते का ते पाहावे आणि बिघडलेला असल्यास बदलावा. हा भाग महाग नसतो. फक्त कनेक्टर काढून ठेवण्याची युक्ती प्रत्येक गाडीत चालत नाही. काही यंत्रणांत तुटलेली जोडणी म्हणजे बंद बॉनेट, तर काहींत ती म्हणजेच उघडे बॉनेट असते. दारांची परीक्षा सोपी आहे. आतला दिवा ‘डोअर’ या खुणेवर ठेवून दारे लावावीत आणि प्रत्येक दार बाहेरून हलवावे. दिवा मिचकावला तर त्या दाराच्या कुलपातला स्विच दोषी.

धक्क्याच्या सेन्सरला मात्र लोक गरजेपेक्षा जास्त दोष देतात. बाजारातल्या यंत्रणेत त्याच्या बाजूला बारीक स्क्रू असतो, त्याने संवेदनशीलता कमी-जास्त करता येते. स्क्रू थोडाच फिरवावा आणि तळहाताने काचेच्या चौकटीवर ठोकून पाहावे. हलक्या थापेला सूचक चिवचिव आणि जोरदार ठोक्याला पूर्ण सायरन, ही योग्य पातळी. गणेशोत्सवातल्या डीजेच्या खर्जाने किंवा दिवाळीच्या सुतळी बॉम्बने सायरन वाजला, तर तो बिघाड म्हणता येणार नाही. त्या दिवसांपुरता हा सेन्सर बंद ठेवण्याची सोय अनेक रिमोटवर असते. सेन्सर घट्ट बसवलेला नसेल आणि पट्टीवर लटकत असेल, तर स्क्रू कितीही फिरवून उपयोग नाही.

आतली हालचाल टिपणारा सेन्सर मानवी कानाला न ऐकू येणाऱ्या, सुमारे ४० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडतो. जरा उघडी राहिलेली काच, आरशाला टांगलेला गणपती, आत अडकलेली माशी एवढेही त्याला पुरते. इथे उपाय साधाच: काचा पूर्ण लावाव्यात आणि लटकणारी वस्तू काढावी.

एवढे करूनही सायरन थांबला नाही, तर वायरिंग पाहावे लागते. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत इंजिनाजवळ येतात आणि तारा कुरतडतात. गालिच्याखाली पाणी शिरले असेल तर तिथले जोड हिरवे पडतात. नंतर बसवलेल्या यंत्रणेत नुसते पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले जोड असतील, तर ते सोल्डर करून घ्यावेत. पिवळ्या कनेक्टरना हात लावू नये, ते बहुधा एअरबॅगचे असतात. संशयित सेन्सर एका वेळी एकच काढावा आणि एक रात्र जाऊ द्यावी. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर सायरन थांबूनही कारण कळत नाही.

वैतागून सायरनची तार कापणे हा सर्वांत वाईट मार्ग. काही सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते आणि तार तुटताच ते अधिकच वाजतात. जुनी होऊन ती छोटी बॅटरी गळू लागली, की सायरन आपोआपही सुरू होतो. अशा वेळी सायरनच बदलावा. शिवाय नंतर बसवलेल्या यंत्रणेत स्टार्टरची तार अनेकदा याच पेटीतून नेलेली असते, त्यामुळे चुकीची तार कापली तर गाडी सुरूच होत नाही.

वायरिंग, स्विच, सेन्सर आणि बॅटरी सगळे निर्दोष ठरले, तरच नियंत्रक पेटी बदलण्याचा विचार करावा. आधी ती उघडून पाण्याचे डाग किंवा तडकलेले सोल्डर दिसते का ते पाहून घ्यावे. नवी पेटी बसवली की जुने रिमोट तिच्याशी पुन्हा जुळवावे लागतात. कंपनीच्या यंत्रणेत हे काम बहुधा सर्व्हिस सेंटरमधल्या संगणकावरूनच होते, म्हणून जाताना सगळ्या चाव्या सोबत न्याव्यात.