नव्या धन्याच्या घरी आलेले कारवानी कुत्रे

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. लाल कंधारी व देवणी गुरे, घोडे, गाढवे यांचा तेथील बाजार सर्वांच्या परिचयाचा आहे. खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मानाचे स्थान असल्यामुळे की काय, या यात्रेत श्वानांचे प्रदर्शनही भरविले जाते, आणि उंच, सडपातळ, लांब तोंडाची कारवानी कुत्री पाहून कित्येक शेतकऱ्यांना असे एखादे जनावर आपल्याही आखाड्यावर असावे असा मोह होतो. मग कोठून तरी ओळखीने, क्वचित पुष्कळ दाम मोजून, कुत्रे घरी येते. त्यानंतर एक-दोन महिन्यांतच त्याच्याविषयीची गाऱ्हाणी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या कानी येऊ लागतात: कुत्रे रात्रभर विव्हळते, ठिबकच्या नळ्या चावून टाकते, दावे तोडून पळते, शेजाऱ्याची कोंबडी धरते. या गाऱ्हाण्यांचे मूळ कुत्र्याच्या स्वभावदोषात फार थोडे व त्याला बांधून ठेवण्यात पुष्कळ असते, असा आमचा अनुभव आहे.

कारवानी म्हणजे कारवानाबरोबर आलेले. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर हे कुत्रे पश्चिमेकडून दख्खनेत आले, अशी समजूत आहे. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात जानवळ हे गाव याच कुत्र्यांमुळे दूरवर ओळखले जाते. अंगावर आखूड केस असणारी ती कारवानी, आणि कान व शेपटीवर रेशमासारखे लांब केस असणारी ती पश्मी, असा भेद जाणकार करतात. शेजारच्या कर्नाटकात याच घडणीच्या कुत्र्यास मुधोळ म्हणतात व त्या नावाने त्याची राष्ट्रीय पातळीवर जात म्हणून नोंदही झाली आहे. छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब, कातडीखाली चरबी जवळजवळ नाहीच, ही सारी रचना धावण्यासाठी आहे. हे कुत्रे वासापेक्षा नजरेने सावज शोधते. दूरच्या धुऱ्यावर काही हलले की त्याचे पाय आपोआप उचलले जातात. त्या क्षणी धन्याची हाकही त्याच्या कानी पडत नाही. अशा जनावराला दोन हात साखळीने गव्हाणीशेजारी बांधणे म्हणजे तरण्या बैलाला महिनोन् महिने दावणीवरून न सोडण्यासारखेच होय.

चाकूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या आखाड्यावर घडलेली हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. त्यांनी दीड वर्षाचा कारवानी नर आणला. रानडुकरांचा त्रास होता, राखणीला कुत्रे हवे होते. पहिले आठ दिवस ते कोपऱ्यात मुकाट बसून राहिले. घरच्यांना वाटले, गरीब आहे. कारवानी परक्या हाताला सहसा अंग लावू देत नाही व नवी जागा ओळखीची होईपर्यंत दबून असते, हे त्यांस ठाऊक नव्हते. पुढे त्याने जमीन उकरण्यास व साखळी चावण्यास आरंभ केला, आणि एके दिवशी पट्ट्यातून डोके काढून घेऊन ते निसटले ते थेट शेजारच्या शेळ्यांमध्ये. एक करडू मेले. शेजाऱ्याने भरपाई घेतली. वर, पुन्हा धुरा ओलांडला तर विष घालीन, असेही बजावले. आम्ही गेलो तेव्हा मालक म्हणाले, “साहेब, ह्याला आता मांजरा नदीच्या पल्याड नेऊन सोडावं म्हणतो.”

नदीपलीकडे सोडलेले कुत्रे तेथील कोणाच्या तरी शेळ्यांवरच जाणार, हे उघड होते. त्याऐवजी दीड महिन्याची मुदत मागून घेतली. त्या घरची धाकटी मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत होती. मुलींना त्या परीक्षेत आठशे मीटर धावावे लागते व त्यासाठी ती रोज पहाटे पांदणीने एकटीच धावे. कुत्र्याला धावणे हवे होते, मुलीला सोबत हवी होती. तिच्या आईचा आक्षेप होता की, मुलगी कुत्र्याला धावडवील की कुत्रे मुलीला फरफटत नेईल? आक्षेप रास्त होता. म्हणून पहिले पंधरा दिवस वडिलांनी दोर धरावा व मुलीने नुसते बरोबर चालावे, असे ठरले.

प्रथम पट्टा बदलला. या जातीच्या कुत्र्याचे डोके मानेपेक्षा रुंद नसते, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढताच निघून येतो. चार बोटे रुंद चामड्याचा पट्टा करवून घेऊन तो मानेच्या वरच्या भागी, आत दोन बोटे जातील इतपत घट्ट बसविला. दोर सुती घेतला, कारण प्लास्टिकच्या दोराने हात सोलून निघतात. दोर बोटांना किंवा मनगटाला गुंडाळावयाचा नाही, ही ताकीद मुलीला पहिल्याच दिवशी दिली.

पहिला आठवडा केवळ चालणे, सकाळी वीस मिनिटे व संध्याकाळी तितकीच. कुत्रे ओढू लागले की धरणाऱ्याने जागीच थांबावयाचे. दोर सैल पडला की पुन्हा चालावयाचे. पहिल्या दिवशी पांदणीच्या वळणापर्यंत जाण्यास अर्धा तास लागला व मालकांची सहनशक्ती संपली होती, हे नमूद केले पाहिजे. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र कुत्रे मागे वळून पाहू लागले. नाव घेऊन हाक मारावी आणि जवळ येताच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा, हा पाठ दररोज दहा वेळा झाला. आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये, मग ते कितीही उशिरा आलेले असो; हाकेचा अर्थ मार असा त्याने लावला तर ते पुन्हा येणार नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून चालण्याच्या मध्ये दोन-दोन मिनिटांचे हलके धावणे घातले व ते हळूहळू वाढविले. साखळीवर राहिलेल्या कुत्र्याचे स्नायू व तळव्यांची कातडी मऊ पडलेली असते. एकदम मैलभर पळविले तर तळवे फाटतात. भरतीच्या हौशी तरुणांकडून ही चूक हटकून होते, कारण ते स्वतःच्या दमाप्रमाणे कुत्र्याला पळवितात. वर्ष-दीड वर्षाच्या आतील पिल्लाला तर लांब पल्ल्याचे धावणे देऊच नये. त्याची हाडे अद्याप वाढत असतात. त्याला खेळू द्यावे व थकताच बसू द्यावे.

कारवानीचे खरे समाधान मात्र दोराने चालण्यात नाही, मोकळ्या भरधाव दौडीत आहे. ती देणार कोठे? उघड्या शिवारात सोडणे धोक्याचे, आणि लांब दोर बांधून भरधाव सोडले तर दोर संपताच मानेला जबर हिसका बसतो. त्या गावी जुन्या गढीचे भिंतीने वेढलेले आवार होते. ते झाडून काचा व काटे वेचले आणि आठवड्यातून तीन वेळा तेथे कुत्र्यास मोकळे सोडले. पाच-सात मिनिटे वाऱ्यासारखे फिरून ते स्वतःच येऊन मुलीच्या पायाशी पडे. हे कुत्रे दिवसभर पळणारे नव्हे. थोडा वेळ जिवाच्या आकांताने पळावे व मग तासन् तास झोपावे, असा त्याचा धर्म आहे. काटेरी तारेचे कुंपण असलेली जागा मात्र या कामी वर्ज्य समजावी, कारण धावत्या कुत्र्याला तार दिसत नाही. तूर कापलेल्या रानातील धसकटे भाल्यासारखी छातीत घुसतात. बिनकठड्याच्या विहिरींविषयी वेगळे सांगावयास नको.

उन्हाविषयी मात्र सांगितलेच पाहिजे. मराठवाड्याचा उन्हाळा बेचाळीस अंशांवर सहज जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पाऊस पडेपर्यंत त्याचे धावणे सूर्योदयापूर्वी उरकावे. संध्याकाळी जमिनीला हाताचा तळवा लावून पाहावा; आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवणार नाही. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट झाली आहे, हिरड्या लालभडक दिसतात, चाल झोकांड्या खाते, ही उष्माघाताची चिन्हे होत. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा व तात्काळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे आणि शेजारी परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, परंतु अशा प्रसंगी जवळचा दवाखाना तोच खरा.

खाणे व धावणे यांत अंतर हवे. खोल छातीच्या कुत्र्याने पोटभर खाऊन उड्या मारल्या तर त्याचे जठर फुगून पीळ पडण्याची भीती असते. पोट नगाऱ्यासारखे ताणते, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही. यात काही तासांतच जनावर दगावते. म्हणून धावून आल्यावर प्रथम थोडे थोडे पाणी द्यावे आणि तासाभराने भाकरी. भाकरीबरोबर अंडे, डाळ किंवा मांस असावे. केवळ दूध-भाकरीवर धावणारे जनावर पोसत नाही.

पट्टा मोटारसायकलला बांधून कुत्रे पळविण्याची वाईट चाल काही ठिकाणी दिसते. थकलेले जनावर थांबू शकत नाही आणि अडखळले तर फरफटते. व्यायामाच्या नावाखाली केलेला हा छळच होय. दुसरी चाल सशामागे सोडण्याची. पूर्वी या जातीचा तोच उपयोग होता हे खरे, परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, हरिण, काळवीट यांच्या शिकारीस बंदी आहे आणि कुत्रे सोडून केलेली शिकार हीसुद्धा शिकारच. फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ अन्वये, नेहमी बांधून अथवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम देण्यात धन्याने हयगय केली तर तो अपराध ठरतो. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणे हाही त्याच कलमाखाली अपराध आहे. कार्यकर्त्यांनी हे ग्रामसभेत जरूर सांगावे.

कुत्रे घराबाहेर नेण्यापूर्वी त्याला पिसाळरोगाची लस दिलेली असावी. पिल्लास तिसऱ्या महिन्यात पहिली मात्रा आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, साधारणतः दरवर्षी. पूर्वीच्या मालकाने लस दिली होती असे नुसते तोंडी सांगितल्यास त्यावर विसंबू नये. कोणास चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद किंवा चुना भरून घरी बसू नये.

दीड महिन्यानंतर आम्ही पुन्हा त्या आखाड्यावर गेलो. दुपारची वेळ होती. कुत्रे लिंबाखाली पाय ताणून निजले होते. साखळी गेली होती व तिच्या जागी आखाड्याच्या दोन खांबांमध्ये बांधलेल्या तारेवर सरकणारा लांब दोर होता. रात्री चाहूल लागली की ते भुंकते, एरवी गप्प असते, असे मालकांनी सांगितले. मुलीची आठशे मीटरची वेळ सुधारली होती. तिच्या मते त्याचे अर्धे श्रेय कुत्र्याचे, कारण पाऊस असो वा थंडी, पहाटे पाचला तेच येऊन दाराशी उभे राहते. शेजाऱ्याचा राग पुरता गेलेला नाही. त्यांच्या शेळ्या धुऱ्यावरून जाऊ लागल्या की मुलगी आजही थांबते, दोर आखूड धरते व कुत्र्याचे तोंड आपल्याकडे वळवून घेते. कुत्र्याचे कान उभे राहतात, अंग थरथरते, पण शेवटची शेळी वळणाआड होईपर्यंत ते जागचे हलत नाही.