दोन गुंजा दारूला एवढं काय घाबरायचं? पिस्तुलाची गोळी भरणाऱ्यांचं वजनकाट्याचं गणित

रील्स बघताना कधीतरी हे समोर आलंच असेल. अमेरिकेतल्या कुणाच्या तरी गॅरेजमधलं टेबल, त्यावर एक प्रेस मशीन, हँडल खाली ओढलं की खटकन एक नवं कोरं काडतूस बाहेर. खाली कमेंटमध्ये आपली पोरं विचारतायत, "भाऊ, हे घरी बनवतात?"

तर हो, तिकडे बनवतात. याला म्हणतात रीलोडिंग. गोळी झाडल्यावर पितळी पुंगळी शिल्लक राहते, ती पुन्हा वापरता येते. तिच्यात नवा प्राइमर, नवी पावडर आणि वर नवी बुलेट बसवायची. नेमबाजीच्या स्पर्धेत उतरणारे लोक खर्च वाचवायला आणि आपल्या पिस्तुलाला जुळणारी गोळी मिळावी म्हणून हा उद्योग करतात. (आपल्याकडे मात्र १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे हे वाचून गॅरेज शोधायला जाऊ नका.)

या सगळ्यात मशीन सोपं आहे. अवघड आहे ते पावडरचं माप.

हे माप ग्रेनमध्ये असतं. ग्रेन म्हणजे दाणा नाही, वजन. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे एक गुंज साधारण पावणेदोन ग्रेनच्या थोडी वर. ९ एमएमच्या गोळीत बऱ्याचदा चार-पाच ग्रेन पावडर असते, म्हणजे सोनाराच्या हिशेबात दोन-अडीच गुंजा. ग्रॅममध्ये जेमतेम पाव ग्रॅम.

आणि एवढ्याशा पावडरमधून दाब किती तयार होतो? अमेरिकेत ९ एमएमसाठी ठरवलेली कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय आहे. तुमच्या कारच्या टायरमध्ये साधारण ३५ असतो. हजार पट.

आता खरी गोम. दुप्पट पावडर पडली तर दाब दुप्पट होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. ही पावडर दाब वाढला की आणखी भराभर जळते, त्यामुळे दाब दुपटीच्या कितीतरी पुढे जातो. पुंगळी फाटते, पिस्तूल फुटतं, आणि ते हातात धरलेलं असतं.

दुप्पट पडतेच कशी? फोन वाजला, कुणी हाक मारली, आपण परत आलो आणि त्याच पुंगळीवर पुन्हा हँडल ओढलं. बस्स, एवढंच. त्यात .३८ स्पेशलसारखी पुंगळी असेल तर आणखी पंचाईत. ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, काळ्या दारूच्या काळातली, म्हणून आतून ऐसपैस. आजची थोडीशी पावडर तळाशीच राहते, दुसरा डोसही आरामात मावतो, वरून कळतही नाही. म्हणून अनुभवी लोक अशी फुगीर पावडर निवडतात की दुप्पट पडली तर पुंगळीबाहेर सांडेल. आळशी माणसाने शोधलेली सुरक्षा वाटते, पण मला यातलं सगळ्यात हुशार काम हेच वाटतं.

उलटी चूकही तितकीच वाईट. पावडर पडलीच नाही, तर नुसता प्राइमर बुलेटला ढकलून बॅरलमध्ये अडकवतो. आवाज 'फुस्स', धक्का नाही. घाईत पुढची गोळी झाडली तर ती अडकलेल्या बुलेटवर जाऊन आदळते. फुस्स ऐकलं की थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं आणि बॅरल तपासायची.

मशीनवरचं माप वजन करत नाही, हेही लक्षात घ्या. ते किराणा दुकानातल्या मापट्यासारखं आहे, आकारमान मोजतं. वरच्या डब्यात पावडर किती आहे, ती कशी बसली आहे, यावर माप थोडं हलतं. चपट्या पापुद्र्यांची पावडर तर कधी वाटेत अडकते. एक डोस कमी, पुढचा जास्त. म्हणून सुरुवातीचे दहा-बारा डोस टाकून बघायचे आणि नंतरही मधूनमधून एक डोस काट्यावर ठेवायचा. काट्याची पण परीक्षा घ्यायची, ठरावीक वजन ठेवून. वर पंखा चालू असेल तर बंद. एवढ्या नाजूक काट्यावर वाऱ्याची झुळूकही आकडा बदलते.

बुलेट बसवण्याआधी पन्नास पुंगळ्या एका लाकडी ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने आत बघतात. सगळ्यांत पावडर एकाच पातळीला दिसली पाहिजे. एखादी वेगळी दिसली तर ती ओतून पुन्हा भरायची.

आकडे कुठून घ्यायचे? पावडर कंपनीच्या छापील तक्त्यातून, आणि तेही कमीत कमी आकड्यापासून वर. मित्राने व्हॉट्सअपवर पाठवलेला आकडा नाही. बुलेट बदलली किंवा जरा खोल बसवली, तरी आतली जागा कमी होऊन दाब चढतो.

टेबलावर पावडरचा डबा एकच. दोन पावडरी दिसायला सारख्या असतात, जळायला नाही. काम संपलं की मशीनमधली उरलेली पावडर तिच्याच डब्यात परत जाते. उद्या सकाळी ती कोणती होती हे आठवेलच, यावर कुणी विसंबत नाही.