जुगाराच्या पैशातले चित्रघर

पणजी बेटावर वसली आहे, हे पणजीत बसमधून उतरणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. यांच्यामध्ये सापडलेला तिसवाडी तालुका म्हणजे गोव्याचे मूळ बेट. पूल इतके झाले आहेत की पाणी ओलांडल्याचे कुणाला जाणवत नाही. जाणवते ती हवा. आमच्या जालन्याकडे वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तर साल बरे गेले म्हणायचे; इथे तीन हजाराच्या घरात पडतो. आमच्याकडे भिंत उन्हाने तडकते, इथे ती पाण्याने फुगते. अशा हवेत शंभर-सव्वाशे वर्षांचे घर उभे ठेवायचे, आणि वर त्याच्या भिंतींना तैलचित्रे लावायची, हा उद्योग कोण करते, का करते आणि कुणाच्या पैशाने करते, याचे कुतूहल मला फोंतेन्हासला घेऊन गेले.

फोंतेन्हास म्हणजे पणजीतल्या अल्तिन्हो टेकडीचा पूर्वेकडचा पायथा आणि ओरेमच्या खाडीचा काठ यांच्यात चेपलेला मोहल्ला. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे आंतोनियो जुआंव द सिकेरा या गृहस्थाची नारळाची बाग होती. मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेला, म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. जुने गोवे साथींनी ओस पडत चालले होते. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीतल्या आदिलशहाच्या वाड्यात हलवला आणि त्याच्यामागोमाग कारकून, वकील, व्यापारी, छापखानेवाले असे सगळे आले. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. दलदल बुजवून, बाग तोडून घरे उठली. जागा कमी, माणसे जास्त. त्यामुळे साष्टीतल्या जमीनदारांच्या ऐसपैस वाड्यांसारखे अंगण, बाग, फाटक इथे नाही. दार थेट रस्त्यावर उघडते, शेजाऱ्याशी भिंत सामाईक, खाली कोठार किंवा दुकान, वर बिऱ्हाड आणि समोर लोखंडी कठड्याचा सज्जा. गोव्याची श्रीमंती पाहायची तर लोटली-चांदोरला जावे. फोंतेन्हास हे पगारदार माणसांचे गाव.

या मोहल्ल्याच्या रंगांचे सगळ्यांना वेड. निळी, पिवळी, गेरूच्या रंगाची घरे, पांढऱ्या चौकटी. हल्ली मोबाइल घेऊन दारात उभ्या राहणाऱ्यांचा इतका जाच होतो की काही रहिवाशांनी फोटो काढू नका अशा पाट्या लावल्या आहेत. पांढरा रंग चर्चसाठी राखीव आणि पावसाळा सरला की प्रत्येकाने घर रंगवलेच पाहिजे, असा पोर्तुगीजांचा दंडक होता, असे इथे सांगतात. पर्यटकांना ती हौस वाटते. मला तो देखभालीचा फार शहाणा नियम वाटतो.

कारण असे. ही घरे जांभ्या दगडाची, म्हणजे चिऱ्याची. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतले पाणी वर शोषतो आणि पावसाचेही पितो. त्यावर शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा असला की भिंत जितके पाणी पिते तितके उन्हाळ्यात बाहेर सोडते. त्या व्यवहारात वरचा चुन्याचा हात दरवर्षी झिजतो, आणि तो झिजावा यासाठीच असतो. दरवर्षी रंगवणे म्हणजे झिजलेले भरून काढणे. मग सिमेंट आले. सिमेंटचा गिलावा टणक, त्यातून पाणी बाहेर पडत नाही. ते भिंतीतच कोंडते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात आणि आतला चिरा भुसभुशीत होतो. भक्कम करायच्या नादात गोव्यातली कितीतरी घरे अशी आतून पोखरली गेली. जुने घर सावरताना पहिले काम बहुधा नवे काही बांधण्याचे नसतेच. आधीच्या पिढीने केलेली दुरुस्ती खरवडून काढायची असते. त्यानंतर वासे, रिपा, मंगळुरी कौले आणि शिंपल्यांच्या खिडक्या. काच महाग होती तेव्हा पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्या चौकोनी कापून लाकडी चौकटीत बसवत. त्यातून येणारा उजेड मऊ, उष्णता बेताची. चित्रे पाहायला याहून चांगला उजेड कुठल्या आधुनिक दालनात मिळत असेल, मला ठाऊक नाही.

फिलिप नेरी शावियेर रस्त्यावरच्या अशाच एका घरात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेचे गोव्यातले ठाणे आहे. रस्त्याला नाव ज्याचे, तो एकोणिसाव्या शतकातला गोमंतकीय इतिहासकार. गावकरी पद्धतीवर त्याने १८५२ साली लिहिलेले पुस्तक अजून अभ्यासकांना चाळावे लागते. संस्था लिस्बनची, स्थापना १९८८ ची. तिच्या तिजोरीत पैसा आला तो मकावहून. मकाव तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होते. तिथल्या कॅसिनोंची मक्तेदारी असलेल्या कंपनीने परवान्याच्या करारात मान्य केलेल्या रकमेतून ही संस्था उभी राहिली. म्हणजे मकावच्या जुगाऱ्यांनी हरलेल्या पैशातून गोव्यात भिंतींची डागडुजी झाली आणि चित्रांना छप्पर मिळाले. जुन्या गोव्यातले टेकडीवरचे अवर लेडी ऑफ द माउंटचे चर्च याच संस्थेच्या मदतीने सावरले, आणि आता तिथे दरवर्षी संगीत महोत्सव भरतो.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही संस्था पणजीत आली तेव्हा सगळ्यांनी काही फुले उधळली नाहीत. मुक्तिलढ्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांचा विरोध झाला: ज्यांना १९६१ च्या डिसेंबरात घालवले ते आता संस्कृतीची पिशवी घेऊन पुन्हा आले, हा सूर होता. मला तो सूर समजतो. आमचे जालनेही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. जुन्या सरकारच्या नावाने काही जपायचे म्हटले की आमच्याकडेही भुवया वर जातात. पण आत जाऊन भिंतीवर काय आहे ते पाहिले की वादाला वेगळेच वळण लागते. तिथे ना कुठला व्हाइसरॉय आहे, ना गलबते. आहेत ती एका गोमंतकीय चित्रकाराची माणसे, आणि त्या चित्रकाराला घडवण्यात पोर्तुगालचा वाटा जवळपास शून्य.

आंतोनियो शावियेर त्रिंदाद, जन्म १८७०, मृत्यू १९३५. गोव्यात तेव्हा चित्रकला शिकवणारी शाळा नव्हती. पणजीचे कला महाविद्यालय निघाले ते १९७२ साली. हाती रेषा असलेल्या मुलाने करायचे काय, तर मुंबई गाठायची. त्रिंदाद सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पुढे तिथेच शिकवू लागले आणि तिथल्या रे आर्ट वर्कशॉप्सचे अधीक्षक झाले. कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर त्यांचे समकालीन. धुरंधरांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' लिहून ठेवली, म्हणून ते जग मराठी वाचकाला माहीत आहे. त्रिंदाद मात्र मराठी वाचकाच्या नजरेतून निसटले. पोर्तुगीज प्रजाजन, इंग्रजी सरकारी शाळेत नोकरी, घर मुंबईत, आणि स्वतःविषयी मराठीत लिहून ठेवलेले काही नाही. त्यांना आपले म्हणायला दोन्हीकडची मंडळी उशिराच पुढे आली.

त्यांना 'पूर्वेचा रेम्ब्राँ' म्हणत. अशा बिरुदांनी चित्रकाराचे भले होत नाही. पाहणारा रेम्ब्राँ शोधत बसतो. तरी बिरुद कुठून आले ते कळते. पार्श्वभूमी काळोखी, उजेड एका बाजूने, आणि त्या उजेडात चेहरा आणि हात. हातांकडे मुद्दाम पाहावे. राजेरजवाडे आणि शेठजींची चित्रे करणाऱ्या त्या काळच्या बहुतेक चित्रकारांची ताकद जरीच्या काठात आणि दागिन्यांत खर्ची पडे. त्रिंदाद यांचा हात घरातल्या माणसांत अधिक मोकळा आहे. पत्नी, मुली, ओळखीपाळखीची माणसे. मॉडेलला पैसे देण्याची गरज नाही, कुणाला खूश करण्याची गरज नाही. बसलेली बाई खरोखर बसलेली वाटते, तिला कुणी बसवलेले नाही.

जे. जे. म्हटले की मराठवाड्याच्या माणसाला अजिंठा आठवल्यावाचून राहत नाही. भोकरदनच्या पुढे थोडे गेले की आमचे अजिंठा. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत जे. जे.च्या विद्यार्थ्यांना तिथे नेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. त्याआधी रॉबर्ट गिल १८४४ पासून हेच काम करत होता. गिलच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या, ग्रिफिथ्सच्या कितीतरी १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत. लेण्यांतली मूळ चित्रे, ओल आणि वटवाघळे सोसून, आहेत तिथे आहेत. चित्र युरोपात नेले म्हणजे सुरक्षित झाले, असे म्हणणाऱ्याला हे दोन सनावळीचे आकडे ऐकवावेत.

त्रिंदाद यांची चित्रेही कुटुंबाबरोबर परदेशी गेली होती. १९९६ साली अमेरिकेत जॉर्जिया म्युझियम ऑफ आर्टने त्यांचे प्रदर्शन भरवले, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात कुटुंबीयांनी हा संग्रह फुंदासांवला दिला. तो गोव्यात आला, आणि मग प्रश्न उभा राहिला तो हवेचा. तैलचित्राचा कॅनव्हास दमट हवेत शिथिल पडतो, कोरड्या हवेत ताणला जातो. वरचा रंगाचा थर इतका लवचीक नसतो, म्हणून तो तडकतो. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते, आणि पणजीत पावसाळाभर ती ऐंशीच्या खाली क्वचितच येते. वातानुकूलन लावले की झाले, असे वाटेल. पण दिवसा लावायचे आणि संध्याकाळी बंद करायचे यात चित्राचे रोज ताणणे आणि सैल होणे होते, ते नुसत्या दमटपणापेक्षा वाईट. चढउतार नको, हे खरे पथ्य. इथे चिऱ्याच्या जाड भिंती कामी येतात. त्या तापायला वेळ लावतात आणि निवायलाही. चुन्याचा गिलावा हवेतली ओल थोडी पितो, थोडी सोडतो. ज्या गुणांमुळे घर टिकते त्यांनीच चित्रालाही हातभार लागतो, मात्र भिंतीत मुरलेले पाणी कॅनव्हासच्या पाठीला लागू न देण्याची काळजी घ्यावी लागते. घराला दालन करणे म्हणजे खिळे ठोकून चौकटी टांगणे असे ज्यांना वाटते त्यांनी एक जुलै महिना पणजीत काढावा.

जालन्याच्या कादराबादेत, जुन्या छावणीच्या बाजूला फिरताना मी आता घरांकडे वेगळ्या हिशेबाने पाहतो. आमचा काळा दगड चिऱ्यापेक्षा किती तरी टणक, पाऊस चौथ्या हिश्श्याने, बुरशीची भीती नाही. म्हणजे जपणे आम्हाला सोपे. तरीही आमच्याकडे वाडा उतरवायचे ठरले की पहिला येतो तो सागवान घेणारा. दारे, खांब, तुळया पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांत शोभेला जातात आणि दगड पायात. जपणूक हवामानावर अवलंबून असती तर फोंतेन्हास केव्हाच वाहून गेले असते आणि जालना शाबूत राहिले असते. घराला काम मिळाले तरच ते राहते. सतराशे पंचविसातला आमचा मस्तगड सरकारी कचेऱ्यांमुळे लोकांच्या जाण्यायेण्यात राहिला. फोंतेन्हासमध्ये काही घरांना हॉटेलांनी काम दिले. 'पंजिम इन' हे त्यातले जुने उदाहरण, त्याच्या गोतावळ्यात गॅलरी गीतांजलीही आहे. २००० नंतर गोवा हेरिटेज अॅक्शन ग्रुपने इथे कला महोत्सव भरवला तेव्हा तर लोकांनी आपले दिवाणखानेच आठवडाभर चित्रांना दिले. सोफा सरकवून भिंत मोकळी केली, येणाऱ्याला सज्ज्यातून हाक मारली.

काम देणारा कोण, हे मात्र प्रत्येक वेळी निवडता येत नाही. फुंदासांवच्या घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर मांडवीत कॅसिनोंची जहाजे नांगरून आहेत, रात्री त्यांचा लखलखाट पाण्यावर पसरतो. तोही जुगाराचाच पैसा, मकावइतकाच खरा. पोर्तुगीजांनी निदान परवान्याच्या करारात संस्कृतीचा वाटा लिहून घेतला. पणजीच्या जहाजांकडून असे एखादे कलम लिहून घेऊन त्यातून तिसवाडीतली पडकी घरे चुन्याने लिंपता येतील, ही सूचना मी पूर्ण गांभीर्याने करतो आहे.

आणि एक तक्रार. फुंदासांवमध्ये येणारे बहुतेक जण आंतोनियो त्रिंदाद यांची चित्रे पाहून परततात. मुलगी आंजेला हिच्यापाशी थांबावे. १९०९ सालचा जन्म, शिक्षण जे. जे.तच. बापाकडून हात घेतला आणि मग बापाची वाट सोडली. ख्रिस्ती विषय भारतीय वेशात रंगवले. याच तिसवाडीतल्या सांतइस्तेव्ह बेटावर जन्मलेल्या आंजेलो द फोन्सेकानेही तेच केले, मरियेला साडी नेसवली, आणि गोव्यात त्याला इतका विरोध झाला की आयुष्यातली बरीच वर्षे त्याने पुण्याच्या एका ख्रिस्ती आश्रमात काढली. आंजेला चाळिशीच्या सुमारास अमेरिकेला गेली आणि तिथे त्रिकोणांच्या भाषेत चित्रे करू लागली. त्रिंदाद म्हणजे पोर्तुगीजमध्ये त्रैक्य; आडनावातली ही त्रिमूर्ती तिने आकारात उतरवली. १९८० साली ती गेली. वडिलांची चित्रे पाहिल्याबरोबर आवडतात. तिच्या चित्रांपाशी पहिली पाच मिनिटे मी वैतागलो होतो, त्या टोकदार चेहऱ्यांत काय पाहायचे ते कळेना. पुन्हा पणजीला जाईन तेव्हा आधी तिची पाहणार आहे, बाप नंतर.