पावसाच्या गावातली बाग

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याला लागले, की आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागते. शाहूवाडी तालुक्यातले हे गाव पावसाचे. अशा गावात एखाद्या प्रभागातली जुनी बाग नव्याने करायची ठरली, तर पहिला प्रश्न कोणता विचारायचा? कारंजे कुठे बसवायचे हा, की पाणी कुठे जाणार हा?

आपल्याकडे बहुधा कारंज्याचाच विचार आधी होतो. मग फरसबंदी होते, रंगीत दिवे लागतात, फीत कापली जाते. दोन पावसाळे सरले की बाकांखाली डबकी साचतात आणि फरशीवर शेवाळ धरते. घसरून पडण्याच्या भीतीने म्हातारी माणसे येईनाशी होतात.

म्हणून आराखड्याची पहिली रेघ उताराची हवी. कडेने चर काढावेत, सखल कोपऱ्यात पाणी मुरेल असा खोलगट भाग सोडून तिथे ओल सोसणारी झाडे लावावीत. चालायची वाट थोडी उंच आणि खरबरीत दगडाची असावी. उन्हाळ्यात रोज पाणी मागणाऱ्या हिरवळीपेक्षा जांभूळ, करंज, बकुळ ही आपली झाडे बरी. सावलीही देतात आणि पाखरांनाही बोलावतात.

आता प्रश्न छपराचा. अभ्यासिका, बालवाडी, व्यायामशाळा, ज्येष्ठांचा कट्टा, सारेच हवे असते आणि चार महिने पाऊस असणाऱ्या गावात छप्पर ही चैनही नव्हे. पण एकेक खोली बांधत गेले तर बाग उरते कुठे? राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, भूखंड पाडताना सोडलेल्या मोकळ्या जागेवर १५ टक्क्यांपर्यंतच बांधकामाची मुभा आहे. सार्वजनिक बागेलाही असा हात आखडणे मानवेल. तिन्ही बाजूंनी मोकळा असा एकच मोठा मंडप फाटकाजवळ बांधावा. सकाळी योगासने, दुपारी बालवाडी, संध्याकाळी अभ्यास. शेजारी स्वच्छतागृह, आणि बारा फुटांत एक फूट चढेल इतकीच सौम्य उतरंड, म्हणजे चाकाची खुर्चीही आत येईल. वाटेकडेची झुडपे गुडघ्याएवढीच ठेवली, दिवे नीट लावले, तर मुलींना सांजवेळी धीर वाटेल.

हे सारे अशक्य नाही. मुंबईत माहीमला कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर झाडे लावली गेली आणि १९९४ मध्ये तेथील निसर्ग उद्यान लोकांना खुले झाले. कचऱ्यावर जे झाले, ते मलकापूरच्या मातीत का होऊ नये?

एकच पथ्य पाळावे. कागदावर रेघ ओढण्याआधी नगरसेवक आणि आराखडा करणाऱ्याने जुलैत छत्री घेऊन आणि मे महिन्यात भर दुपारी त्या बागेत तासभर बसावे. कोण येते ते पाहावे. कोण येत नाही, हे अधिक पाहावे. आणि कारंज्याच्या खर्चाआधी अंदाजपत्रकात माळ्याचा पगार लिहावा. बाग उद्‌घाटनाने उभी राहते, पण टिकते ती माळ्यामुळे.